बागेतली छत्री झाली घराण्याची समाधी

आबांचे वर्षश्राद्ध झाले, पाहुणे पांगले आणि रात्री आम्ही तिघे भाऊ ओसरीवर बसलो. धाकट्याने विषय काढला. "दादा, आबांची समाधी बांधायची. रस्त्याला लागून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी." मधल्याने गवंड्याला विचारूनही ठेवले होते. चौथरा, चार खांब, वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, भोवती लोखंडी जाळी आणि शेजारी गाड्या लावायला जागा.

मी मनातल्या मनात हिशेब केला. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे १ गुंठा. यांच्या बेताला दोन गुंठे तरी जाणार, आणि तेही विहिरीवर भिजणारे, काळ्या मातीचे. एकरी ४० टन उसाचे रान धरले तर गुंठ्याला १ टन पडतो. दोन गुंठे म्हणजे दर हंगामाला दोन टन, कायमचे.

तीस वर्षे मी कृषी विस्ताराचे काम करतो आहे. माती धरा, बांध घाला, इंचभर जमीन वाया घालवू नका, असे सांगत गावोगाव हिंडलो. आता माझ्याच घरी हा प्रश्न आला आणि मला बोलता येईना. बोललो असतो तर भाऊ म्हणाले असते, "बापाला दोन गुंठे द्यायची वेळ आली तेव्हा थोरल्याने हात आखडता घेतला." म्हणून मी त्या रात्री गप्प बसलो.

वाचकहो, हा प्रश्न आमच्या एकट्या घरचा नाही. गावोगाव शेतात समाध्या उठताहेत. त्यामागे माया असते, कृतज्ञता असते, थोडा मोठेपणाही असतो. त्या मायेला नावे ठेवण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. दूरदेशीच्या एका श्रीमंत घराण्याने हाच प्रश्न कसा सोडवला, ते मला योगायोगाने वाचायला मिळाले. ते तुमच्यापुढे ठेवावे, एवढाच हेतू आहे.

शेतीच्या पुस्तकातून लागलेला माग

त्याच दिवसांत मी शेतीच्या धोरणावरचे जुने लिखाण चाळत होतो. १९३७ साली राष्ट्रसंघाने एक अहवाल काढला होता. लोकांचे खाणे, त्यांचे आरोग्य आणि शेती यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हा त्याचा विषय. दूध, भाजीपाला, फळे, अंडी ही अंगाचे रक्षण करणारी अन्ने आहेत, ती गरिबाच्या ताटात पडली पाहिजेत आणि शेतीचे धोरण त्या दृष्टीने आखले पाहिजे, असा त्याचा रोख होता. त्या समितीचे अध्यक्ष होते लॉर्ड ॲस्टर. याच वॉल्डॉर्फ ॲस्टरनी १९३८ साली सीबोम राउन्ट्री यांच्याबरोबर इंग्लंडच्या शेतीवर एक मोठे पुस्तकही लिहिले.

हा गृहस्थ होता तरी कोण म्हणून मी पुढे वाचू लागलो. अमेरिकेतून आलेल्या गडगंज घराण्यातला हा मुलगा, घोड्यांची पैदास करणारा, शेतीचा अभ्यास करणारा. त्याच्या मालकीची शेकडो एकर जमीन. मनात आणले असते तर नदीकाठी संगमरवराचा डोंगर उभा करता आला असता. पण त्याची रक्षा ठेवली आहे बागेतल्या एका लहानशा, त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी बांधलेल्या छत्रीत. त्याच्या बापाची रक्षाही तिथेच आणि बायकोचीही तिथेच. ते वाचून मी थबकलो.

क्लिव्हडनची अष्टकोनी छत्री

लंडनच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर, बकिंगहॅमशायर परगण्यात, टेम्स नदीच्या काठी क्लिव्हडन नावाची जुनी जहागीर आहे. नदीकाठाला खडूच्या दगडाचा उंच कडा आणि कड्यावर वाडा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो ऑर्कनीच्या अर्लकडे होता. हा मोठा सेनापती. १७०४ सालच्या ब्लेनहाइमच्या लढाईत तो लढला आणि १७३६ साली ब्रिटिश सैन्याचा पहिला फील्ड मार्शल झाला.

त्या काळी इंग्लंडातल्या धनिकांची मुले शिक्षण म्हणून इटलीला जात. तिथली ग्रीक-रोमन देवळे, त्यांचे खांब, घुमट पाहून येत आणि घरी आल्यावर आपल्या बागेत तशाच लहान इमारती बांधत. इंग्रजीत त्यांना देऊळच म्हणतात. पण तिथे देव नसतो, पूजा नसते, घंटा नसते. फिरता फिरता टेकायचे, पावसाची सर आली तर आडोसा घ्यायचा आणि समोरचे दृश्य पाहायचे, एवढेच त्यांचे काम. म्हणून मी इथे देऊळ न म्हणता छत्री म्हणतो. आपल्याकडे छत्री म्हटले की समाधीच डोळ्यांसमोर येते. तिकडची मात्र जन्मली ती मौजेसाठी.

ऑर्कनीने १७३५ च्या सुमारास जाकोमो लिओनी या इटालियन वास्तुकाराकडून अशी एक छत्री बांधून घेतली. पॅलॅडिओ या सोळाव्या शतकातल्या नामवंत वास्तुकाराचा ग्रंथ इंग्रजीत आणणारा तो हा लिओनी. छत्री आठ कोनांची, वर घुमट, आणि जागा निवडली ती अगदी कड्याच्या टोकाची, नदीपासून सुमारे २०० फूट उंचावर. वरच्या खोलीत बसून टेम्सचे वळण पाहायचे. खाली गुहेसारखी गार खोली. म्हाताऱ्या सेनापतीला तिचे सुख फार दिवस मिळाले नाही. १७३७ साली तो वारला.

पुढे काय काय झाले पाहा. १७९५ साली मोठा वाडा जळाला. पुन्हा बांधला, तो १८४९ साली पुन्हा जळाला. त्या राखेवर १८५१ साली आजचा वाडा उभा राहिला. जहागीर अनेक हातांतून गेली. एवढ्या सगळ्यांतून ती लहानशी छत्री मात्र कड्यावर तशीच उभी होती. बांधकाम साधे, पाया पक्का आणि वाड्यापासून बाजूला. मोठे ते जळाले, लहान ते राहिले.

भिंत घालणारा मालक

१८९३ साली विल्यम वॉल्डॉर्फ ॲस्टर याने क्लिव्हडन विकत घेतले. अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी हा एक. न्यू यॉर्कात जन्मला, १८८२ ते १८८५ इटलीत अमेरिकेचा वकील म्हणून राहिला, मग अमेरिका सोडून इंग्लंडात आला आणि १८९९ साली तिथला नागरिक झाला. स्वभावाने माणूसघाणा. पूर्वी आसपासचे लोक त्या बागेत फिरायला येत. याने भोवती उंच भिंत घातली आणि तिच्या माथ्यावर काचा रोवल्या. लोक मग त्याच्या वॉल्डॉर्फ या नावाचीच मोडतोड करून 'भिंतीआड बसलेला' अशी त्याची थट्टा करीत.

या माणसाला आपल्या घराण्यासाठी एक प्रार्थनागृह हवे होते. त्याच्याजवळ जागेला तोटा नव्हता आणि पैशाला तर नव्हताच. तरी त्याने नवी इमारत बांधली नाही. दीडशे वर्षांहून जुनी ती छत्री त्याने निवडली. बाहेरचे रूप तेच राहिले. आतून मात्र क्लेटन अँड बेल या कारागिरांकडून भिंती आणि घुमट रंगीत तुकड्यांच्या जडावाने मढवून घेतले. बायबलातले प्रसंग चित्रांत आणले. जिथे पाहुणे नदीची मौज पाहत बसत, तिथे आता माणसे डोके झुकवून उभी राहू लागली.

१८ ऑक्टोबर १९१९ रोजी तो वारला. त्याची रक्षा त्याच प्रार्थनागृहाच्या संगमरवरी जमिनीखाली ठेवली.

बाप-लेकांची तेढ आणि सुनेचा मान

आता घरातली गोष्ट सांगतो, कारण घर कुठलेही असो, तेढ सगळीकडे असते. १९०६ साली थोरला मुलगा वॉल्डॉर्फ याचे लग्न झाले तेव्हा बापाने क्लिव्हडन त्याला देऊन टाकले होते. सून नॅन्सी, अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची. मुलगा पुढे राजकारणात पडला आणि प्लिमथमधून पार्लमेंटच्या लोकांच्या सभागृहात निवडून आला. इकडे बापाने १९१६ साली सरकारकडून सरदारकीचा किताब घेतला. मुलगा संतापला. कारण तिकडचा त्या वेळचा कायदा असा की, बाप मेला की किताब थोरल्याकडे येणार आणि किताब आला की त्याला लोकांच्या सभागृहातली जागा सोडावी लागणार. किताबावरून बाप-लेकांची मने दुरावली.

१९१९ साली झाले तसेच. बाप गेला आणि मुलाची जागा रिकामी झाली. त्या पोटनिवडणुकीला नॅन्सी उभी राहिली आणि निवडून आली. १ डिसेंबर १९१९ रोजी तिने जागा घेतली. ब्रिटिश पार्लमेंटच्या त्या सभागृहात प्रत्यक्ष बसणारी ती पहिली स्त्री. तिच्या आधी १९१८ साली आयर्लंडची कॉन्स्टन्स मार्कीव्हिच निवडून आली होती, पण तिने जागा घेतली नव्हती. नॅन्सी १९४५ पर्यंत तिथे होती. अठरा वर्षांखालच्या पोरांना दारू विकायला बंदी करणारा १९२३ चा कायदा तिने आणला. दारूने घरे कशी बसतात हे आपल्या आयाबहिणींना सांगायला नको. तेव्हा तिच्या या कामाची किंमत त्यांना लगेच कळेल.

वॉल्डॉर्फ १९५२ साली गेला, नॅन्सी १९६४ साली. दोघांची रक्षा त्याच छत्रीत. ज्या किताबावरून बाप-लेकांत बिनसले, तो किताब देणारा आणि तो नको असलेला, दोघेही आता एका घुमटाखाली आहेत. त्या कड्यावर वाटणी नाही.

मालकी गेली, समाधी राहिली

आपल्या कामाची खरी गोष्ट यापुढे आहे. १९४२ साली, महायुद्ध चालू असताना, वॉल्डॉर्फ ॲस्टरने वाडा आणि बाग नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दान केली. जुन्या वास्तू आणि निसर्ग सांभाळण्यासाठी १८९५ साली निघालेली ही संस्था. नुसती वास्तू दिली नाही. देखभालीसाठी २,५०,००० पौंडांचा कायमनिधीही दिला. घराण्याने तिथे राहावे अशी सोय ठेवली. १९६६ साली त्याचा मुलगा वारला आणि घराण्याचा तिथला मुक्काम संपला. पुढे काही वर्षे वाड्यात अमेरिकेच्या एका विद्यापीठाचे विद्यार्थी शिकले आणि त्यानंतर तिथे हॉटेल झाले.

म्हणजे ज्यांनी भिंत घातली त्यांची मालकी उरली नाही. ज्यांना भिंतीबाहेर ठेवले होते ते लोक आता तिकीट काढून, मुलाबाळांना घेऊन बागेत फिरतात. पण छत्रीला कोणी हात लावला नाही. कागद पक्का होता, देखभालीचा पैसा बाजूला काढलेला होता आणि जागा एवढी लहान होती की तिची कोणाला अडचण झाली नाही.

त्याच बागेत आणखी एक उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धात ॲस्टर पती-पत्नींनी कॅनडाच्या जखमी सैनिकांसाठी तिथे इस्पितळ उभारायला जागा दिली. जे वाचले नाहीत त्यांच्यासाठी बागेतलाच एक खोलगट, इटालियन धर्तीचा वाफा स्मशानभूमी म्हणून दिला. तिथे ४२ जणांच्या कबरी आहेत. फुलांचा वाफा होता, तो परमुलखात मेलेल्या पोरांचा विसावा झाला.

राजघराण्याची सून डायना हिचे नाव आपल्या खेड्यांतही सर्वांना ठाऊक आहे. ती ३१ ऑगस्ट १९९७ रोजी अपघातात गेली आणि ऑलथॉर्प या तिच्या माहेरी, तळ्यातल्या बेटावर तिला पुरले. तळ्याच्या काठी एक जुनी खांबांची छत्री होती. तिच्यावर तिचे नाव घालून तिलाच स्मारक केले. वाटेच्या कडेने ओकची ३६ झाडे लावली, तिच्या आयुष्याच्या प्रत्येक वर्षाला एक.

आपण यातून काय घ्यावे

शेतकरी बंधू-भगिनींनो, ॲस्टरची श्रीमंती आपल्याकडे नाही आणि नको. त्याची काटकसर मात्र घेण्यासारखी आहे. समाधीचा विचार मनात आला तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, नवे बांधण्याआधी आपल्या रानात काय उभे आहे ते पाहा. वापरात नसलेले इंजिनघर, खळ्याची खोली, विहिरीवरचा दगडी चौथरा. पाया खचलेला नसेल, भिंतीला आरपार तडा नसेल तर डागडुजीवर काम भागते. जुने बांधकाम दगड-चुन्याचे असेल तर दरजा चुन्यानेच भराव्यात. सिमेंट वरून घट्ट बसते, आतली ओल बाहेर पडू देत नाही आणि दगडच फुटू लागतो. पावसाचे पाणी पायाशी साचू देऊ नये. वास्तू गावाची असेल किंवा पुरातत्त्व खात्याच्या यादीतली असेल, तर परवानगीवाचून तिला हात लावू नये.

दुसरी गोष्ट, वड किंवा पिंपळ भिंतीला लागून लावू नये. मुळ्या दरजांत शिरतात आणि बांधकाम उकलून टाकतात. लिंब, चिंच लावायची तर तीही अंतर सोडून.

तिसरी गोष्ट, कागद. आज भाऊ एक आहेत, उद्या वाटण्या होतील, परवा कोणी आपला हिस्सा विकेल. मग समाधी दुसऱ्याच्या रानात अडकते आणि दिवा लावायला जायची वाट बंद होते. अशी भांडणे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. वाटणीपत्र होताना समाधीची जागा आणि तिथपर्यंतची वाट, फुटांत मोजून, जाणकार वकिलाकडून लिहून घ्यावी.

चौथी गोष्ट, देखभाल. बांधताना लाखभर खर्च करतो आणि पुढे वर्षाला शंभर रुपयांचा चुना कोणी लावत नाही. बांधायचा खर्च थोडा कमी करावा आणि उरलेली रक्कम सर्वांच्या नावे बाजूला ठेवावी.

आमच्या घरचा निकाल

पुढच्या अमावस्येला मी ही सगळी हकिकत भावांना सांगितली. मधला ऐकून घेत होता. धाकटा म्हणाला, "दादा, तो साहेब होता. त्याने कशातही ठेवले तरी लोक त्याला नावे ठेवणार नाहीत. आपण जुन्या खोलीत आबांना ठेवले तर गाव हसेल." त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. मला उत्तर सुचेना.

आई दाराआड बसून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "ह्यांनी जन्मात कोणाचा बांध कोरला नाही. मेल्यावर आपल्याच पोरांची जमीन कशाला खातील?"

त्यावर कोणी काही बोलले नाही.

विहिरीजवळ आबांनीच बांधलेले दगडी इंजिनघर आहे. विजेची मोटर आल्यापासून त्यात मोडकी अवजारे आणि पालींचा वावर होता. तेच आम्ही झाडून घेतले. कौले बदलली, दरजा चुन्याने भरल्या. आत कोनाड्यात आबांचा फोटो आणि त्यांची पाभर भिंतीला टेकवून ठेवली. धाकट्याचा हट्ट होता की रस्त्यावरून दिसले पाहिजे. म्हणून रस्त्याच्या अंगाला एक दार काढले, बाहेर बाक टाकला आणि पाण्याचा रांजण ठेवला. रांजण भरायचे काम त्याने आपणहून अंगावर घेतले आहे. उन्हात चालून आलेला माणूस पाणी पितो, आत डोकावतो आणि विचारतो, "हे कोण?" धाकटा मग हातातले काम टाकून सांगत बसतो.

त्या दोन गुंठ्यांत यंदा कांदा आहे.